अश्मरीशस्त्रक्रियेचा इतिहास

मूत्रपिंड, मूत्रवाहिनी किंवा मूत्राशय यांमध्ये लवणे साठून तयार होणाऱ्या खड्यास अश्मरी अथवा मुतखडा म्हणतात. शरीरास कमीत कमी इजा करून तो काढणे, हे या शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट प्राचीन काळापासून राहिले आहे. मात्र एखादी नवी पद्धती जुन्या पद्धतीहून खरोखर हितकर आहे किंवा नाही, हे कसे ठरवावे, हा प्रश्नही तिच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला.

सुश्रुतसंहितेत गुदद्वार व वृषण यांमधील भागात, मध्यरेषेच्या डावीकडे छेद घेऊन मूत्राशयातील खडा काढण्याची कृती दिलेली आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू अटळ आणि केल्यास यश अनिश्चित, म्हणून अधिपतीची अनुमती घेऊनच ती करावी, असे तीत सांगितले आहे. हिपॉक्राटीझच्या नावे प्रसिद्ध असलेल्या शपथेत हे काम त्यातील जाणकारांवर सोपवावे, असे म्हटले आहे. रोमन ग्रंथकार केल्सस (इ. स. पहिले शतक) यानेही अशाच छेदाचे वर्णन केले आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम चेझल्डन (१६८८–१७५२) यांनी पार्श्वछेदाची पद्धती सुधारली. भूल देण्याची सोय नसल्याने शस्त्रक्रियेचा वेग हीच रुग्णावरील दया होती.

या परंपरेला पहिला मोठा छेद पॅरिसमध्ये गेला. झां सिव्हिआल (१७९२–१८६७) यांनी १८२४ मध्ये मूत्रमार्गातून उपकरण घालून मूत्राशयातील खडा आतच फोडला. या अश्मरीभंजन पद्धतीच्या समर्थनार्थ त्यांनी रुग्णांची आकडेवारी गोळा केली. तीनुसार छेदाच्या शस्त्रक्रियेत सुमारे पाचांतील एक रुग्ण दगावे, तर भंजनात हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास होते. विज्ञान अकादमीच्या समितीने १८३५ मध्ये या आकड्यांचा विचार केला. वैद्याला समूहाशी नव्हे, तर एकेका रुग्णाशी काम असते, असे मत त्या वेळी मांडण्यात आले. भंजनासाठी सोयीचे रुग्ण निवडले जातात, हा आक्षेपही रास्त होता.

अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद हेन्‍री बिगेलो (१८१८–९०) यांनी १८७८ मध्ये भूल देऊन एकाच बैठकीत खडा फोडून त्याचा चुरा बाहेर काढण्याची पद्धती प्रसिद्ध केली. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने ती त्यांना अयोग्य समजली जाई. भारतात तर मूत्राशयाचे खडे मुलांत बरेच आढळत. इंदूर येथील शल्यचिकित्सक डी. एफ. कीगन यांनी १८८० नंतरच्या दशकात लहान मापाची उपकरणे वापरून मुलग्यांवरही ती यशस्वी करून दाखविली.

मूत्रपिंडातील खड्यांसाठी मात्र विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत मोठा छेद घ्यावा लागे. स्वीडनमधील फेर्नस्ट्रम व योहान्सन यांनी १९७६ मध्ये पाठीच्या त्वचेतून बारीक मार्ग करून खडे काढल्याचे प्रसिद्ध केले. म्यूनिक येथे क्रिस्टिआन शाउसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी मूत्रपिंडातील खड्यावर प्रथमच बाहेरून आघाततरंगांचा उपयोग केला. त्यात पाण्याखाली विद्युत् ठिणगी पाडून निघालेले तरंग लंबवर्तुळी परावर्तकाच्या साहाय्याने खड्यावर एकवटले जातात व छेदाविना त्याचा चुरा होतो. मोठ्या वा कठीण खड्यांना हा उपाय अपुरा पडतो. १९९० नंतर मूत्रवाहिनीतून जाणारी लवचिक दुर्बीण व होल्मियम लेसर यांचा वापर वाढला.

खडा काढल्याने तो पुन्हा होण्याची प्रवृत्ती जात नाही. इटलीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भरपूर पाणी पिणाऱ्या रुग्णांपैकी पाच वर्षांत सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. इतरांत हे प्रमाण २७ टक्के होते. उलट, अनेक दशके प्रतिबंधासाठी दिल्या गेलेल्या हायड्रोक्लोरोथायाझाइड या औषधाचा लक्षणीय फायदा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील चाचणीत दिसला नाही. या दोन्ही अभ्यासांत कोणता उपचार कोणाला द्यावयाचा, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरविलेले होते. त्यामुळे सिव्हिआल यांच्या आकड्यांवर घेतला गेलेला निवडीचा आक्षेप त्यांना लागू पडत नाही.