बिनअंड्याच्या केकमागची माया

बिनअंड्याचा केक म्हणजे तडजोड, असं अनेकींना वाटतं. इतिहास वेगळं सांगतो.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. सोडा आणि कोरडं आम्ल ओलं झालं की वायू सुटतो, पीठ फुगतं. अंडं लागत नाही.

वरच्या कॅरॅमलसाठी मी साखर तांबूस होईपर्यंत वितळवते, मग तूप आणि गरम दूध घालते. लोणी आपल्याला वर्ज्यच.

त्यांचं कारण आजाराचं, आपलं अहिंसेचं. पण घरातलं कुणी पंगतीतून वगळलं जाऊ नये, ही माया एकच. केक मात्र सूर्यास्ताआधीच कापायचा!