'टिफ्लायटिस': एका निदानसंज्ञेचे पुनरागमन

रोगाची संज्ञा कोठे पाहावे हे वैद्यास सुचविते आणि कधी कधी त्याची दिशाभूलही करते. 'टिफ्लायटिस' ह्या संज्ञेचा इतिहास ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. मोठ्या आतड्याचा आरंभीचा, एका टोकास बंद असलेला भाग लॅटिनमध्ये 'सीकम' म्हणजे 'आंधळा' ठरला. मराठीत तोच 'अंधनाल' होय. ग्रीक 'टिफ्लॉस' ह्याचाही अर्थ आंधळा असून त्यावरून अंधनालाच्या दाहास 'टिफ्लायटिस' म्हणू लागले.

एकोणिसाव्या शतकात ओटीपोटाच्या उजव्या बाजूच्या वेदनांचे मूळ अंधनालात शोधले जाई. १८८६ साली बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ ह्यांनी अशा रुग्णांच्या नोंदी तपासून दोष बहुधा आंत्रपुच्छाचा असतो, हे दाखविले आणि 'अपेंडिसायटिस' ही संज्ञा पुढे आली. तथापि १९०२ साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक लांबणीवर पडला, तेव्हाच्या अधिकृत घोषणेत 'पेरिटिफ्लायटिस' हाच शब्द होता. पुढे हा शब्दसमूह मागे पडला.

१९७० साली वॅग्नर व त्यांचे सहकारी ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांतील एका उपद्रवास तेच नाव दिले. ह्या वेळी दोष खरोखरच अंधनालाचा होता. तीव्र औषधोपचाराने आतड्याचे अस्तर दुबळे होते, श्वेतपेशी घटतात आणि एरवी निरुपद्रवी असलेले आतड्यातील जंतू त्याच्या भित्तीत शिरतात.

निदानाची खरी अडचण येथेच आहे. दाहाची परिचित लक्षणे उमटतात ती मुख्यतः श्वेतपेशींमुळे. त्याच नसल्या, तर गंभीर रोगातही पोट तपासणाऱ्या हातास फारसे काही जाणवत नाही. म्हणून ताप, पोटदुखी, घन मिलिमीटरला ५०० हून कमी न्यूट्रोफिल पेशी आणि सी. टी. स्कॅनमध्ये ४ मिलिमीटरहून जाड दिसणारी आतड्याची भित्ती, ह्यांचा एकत्रित विचार करावा लागतो. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल ह्या जंतूचा संसर्ग वगळण्यासाठी मलपरीक्षाही आवश्यक ठरते. अनेक रुग्ण प्रतिजैविके व आतड्यास विश्रांती एवढ्यानेच सावरतात. आंत्रपुच्छाचा दाह समजून केलेली शस्त्रक्रिया अशा दुर्बळ देहास घातक ठरू शकते. आतड्यास छिद्र पडल्यास मात्र ती टाळता येत नाही.

हा विकार अंधनालापुरता मर्यादित राहत नाही, म्हणून 'न्यूट्रोपेनिक एंटेरोकोलायटिस' ही संज्ञा आता अधिक स्वीकारली जाते. जुनी संज्ञा व्याधीचे स्थान सांगे. नवी संज्ञा रुग्णाच्या रक्ताची अवस्था प्रथम सांगते. निदानाचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा.