पेट्रोलच्या झाकणाएवढा रंग

दुकानाचं शटर वर जायच्या आत कुणीतरी पेट्रोलच्या टाकीचं झाकण हातात घेऊन पायरीवर बसलेला असतो. दरवाजा ठोकलेला असो की डिकी, रंग जुळवायला पेंटर लोक तेच झाकण सोडवून आणतात. दोन स्क्रू काढले की सुटतं, आणि ऊनपाऊस त्याने बाकीच्या गाडीएवढाच खाल्लेला असतो. मी कुर्ल्यात गाड्यांचे रंग मिसळून देते. दुकान आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, आता माझं. नवा माणूस आत डोकावून अजून विचारतो, "शेठ बाहेर गेलेत का?" मी म्हणते, शेठच बोलतेय, दे ते झाकण.

झाकण बहुतेक वेळा पांढरंच निघतं. नाहीतर चंदेरी, नाहीतर करडं. महिन्यातून एखादं लाल किंवा पिवळं आलं की दुकानातला पोऱ्या आतून ओरडतो, "ताई, आज रंग आलाय!" हे काही कुर्ल्यापुरतं नाही. जगभर विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी पाचातल्या साधारण चार पांढऱ्या, काळ्या, करड्या नाहीतर चंदेरी असतात. लोकांची रसिकता आटली, रस्ते सुतकी दिसायला लागले, असं त्यावर कुणी कुणी हळहळतं. मला ते पटत नाही. याच बाया सणाला डाळिंबी साडी नेसतात, याच माणसांच्या बैठकीच्या खोलीची भिंत मोरपिशी असते. गाडीपाशी आल्यावरच त्यांचा हात आखडतो, आणि त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातला थोडा मी आण्णांकडून ऐकला, थोडा डब्यांवरून वाचला.

आण्णा गनने मारलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला 'ड्युको' म्हणायचे. फियाटला मारा नाहीतर कपाटाला, ड्युकोच. आजही फर्निचरवाले सर्रास तोच शब्द वापरतात. हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने 1923 साली बाजारात आणलेल्या एका रंगाचं नाव. त्याआधी मोटारी रंगायच्या त्या घोडागाड्यांच्या रीतीने. ब्रशने थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर, वर वार्निश. चांगलं काम म्हणजे काही आठवडे. फोर्डची मॉडेल टी 1908 साली निघाली तेव्हा ती लाल, हिरवी, करडीही मिळत होती. पुढे गाड्या पट्ट्यावर धडाधड तयार व्हायला लागल्या, आणि सुकणाऱ्या रंगाची वाट बघायला कारखान्यात ना जागा उरली ना वेळ. डांबराचा अंश असलेला काळा रंग स्वस्त होता, चिवट होता आणि भट्टीत घातला की पटकन सुकायचा. मग 1914 पासून 1925 पर्यंत मॉडेल टी फक्त काळी. ग्राहकाला हवा तो रंग मिळेल, फक्त तो काळा असला पाहिजे, हे फोर्डचं वाक्य लोक त्याचा हेका म्हणून सांगतात. मला त्यात थेट पेंटरची अडचण ऐकू येते. कुणाला आवडला म्हणून काळा आला नव्हता, लवकर सुकला म्हणून आला होता.

ड्युको निघाला आणि ती अडचण संपली. जुन्या सिनेमाची फिल्म ज्या नायट्रोसेल्युलोजची असे, त्याचाच हा रंग. गनने मारला की काही तासांत पुढच्या कामाला मोकळा. जनरल मोटर्सने तो आधी आपल्या ओकलंड गाडीवर निळा मारून दाखवला. मग पाठोपाठ इतर रंग आले, आणि 1927 मध्ये त्या कंपनीने गाड्यांचं रूप आणि रंग ठरवायला वेगळं खातंच उघडलं. फोर्डलाही 1926 च्या गाड्यांना पुन्हा रंग द्यावे लागले. जुनी गाडी धडधाकट असताना माणसाने नवी घ्यावी, यासाठी रंग हे चांगलं आमिष ठरलं.

आपल्याकडे मात्र आमिषाची गरजच नव्हती. इथे गाडीसाठी नंबर लावावा लागे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि तिचा कारखाना आमच्या कुर्ल्यात. आज तिथे कोहिनूर सिटी उभी आहे. तिथून आधी अमेरिकन गाड्या निघाल्या, मग फियाट 1100, मग डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. नाव बदललं तरी लोकांनी तिला मरेपर्यंत फियाटच म्हटलं.

आमच्या समोरच्या इमारतीत दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी फियाटसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. मनात आकाशी रंग. नंबर लागला तेव्हा विक्रेत्याने सांगितलं, करडी आज घेऊन जा, आकाशीचं काही सांगता येत नाही. डॉक्टरांनी करडी उचलली, पेढे वाटले, आणि दीड वर्षाने हळूच आण्णांकडे आले. म्हणाले, हिला आकाशी करता येईल का? आण्णांनी दरवाजे उतरवून, बीडिंग काढून, आत-बाहेर रंग दिला. आरसी बुकात रंग बदलून घ्यायला डॉक्टरांना आरटीओत खेपा घालाव्या लागल्या त्या वेगळ्याच. पुढे गाडी विकायला काढली तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाने बॉनेट वर केलं, आतल्या कोपऱ्यात राहिलेला करडा पाहिला आणि विचारलं, "कुठे ठोकलेली काय?" गाडीला अपघात झालाच नव्हता. पण मूळचा रंग नाही म्हटल्यावर भाव पडला तो पडलाच.

या संशयाचं मूळ मुंबईत टॅक्सीत आहे, असं माझं मत. इथे काळी फियाट म्हणजे टॅक्सी. अंग काळं, टप पिवळा, म्हणजे लांबून आणि गर्दीतूनही ओळखू यावी. आण्णा सांगायचे, खाजगी फियाट कुणी काळी घेतलीच तर स्टेशनबाहेर लोक मागचं दार उघडून बसायचे आणि म्हणायचे, चला, दादर. त्यात ऐकीव मीठमसाला किती, देव जाणे. पण टॅक्सीतून निवृत्त झालेल्या गाड्या रंगवून खाजगी म्हणून खपवणं, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. बाहेरून क्रीम, नाहीतर फिकट हिरवा. पत्रा ठोकून, लांबी भरून, पाण्याच्या पेपरने घासून अशी गुळगुळीत करायचे की हात फिरवत राहावं. पण दरवाज्याच्या कडेचं रबर नखाने उचललं की खाली काळी रेघ. जुनी गाडी घ्यायला येणारा प्रत्येक जण त्यामुळे रबर उचलायला शिकला. रंगाकडे बघायच्या आधी रंगाखाली बघायचं, ही मुंबईकरांची सवय तिथली.

पांढऱ्याला तेव्हा वेगळा मान होता. पांढरी अँबेसेडर म्हणजे सरकार. गावात ती शिरली की मामलेदार आले की आमदार, एवढाच प्रश्न. मग 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते एका ग्राहकाला मिळाली, आणि ती गाडीही पांढरीच होती. सरकारी साहेबाचा रंग घरगुती झाला. मध्ये काही वर्षं लोकांनी हौसही करून घेतली, लाल मारुती हे एक प्रकरणच होतं. तिचा आमच्या धंद्याला फायदा झाला हे नाकारत नाही. कारण तेव्हाचा लाल मुंबईच्या उन्हात टिकत नसे. चार-पाच उन्हाळ्यांत बॉनेट गुलाबी पडायचं, टपावर खडूसारखी पूड यायची, आणि मालक पॉलिशवाल्याकडून पेंटरकडे आणि पेंटरकडून आमच्याकडे. पुढच्या वेळी तोच मालक पांढरी घ्यायचा.

पांढरा इतका का टिकतो आणि इतकं का झाकतो, हे मला आण्णांनी गावी नेऊन दाखवलं. आमचं गाव रत्नागिरीजवळ. काळबादेवी, भाट्ये इकडच्या किनाऱ्यांवर ओहोटीला वाळूत काळे पट्टे दिसतात. लहानपणी आम्ही त्यात लोहचुंबक फिरवायचो. त्या काळ्या कणांत इल्मेनाइट असतं, आणि इल्मेनाइटपासून टायटॅनियम डायऑक्साइड काढतात, म्हणजे आजच्या प्रत्येक पांढऱ्या गाडीचा पांढरेपणा. केरळात कोल्लमजवळ चवरा इथे किनाऱ्याच्या अशाच वाळूपासून तो बनवणारा सरकारी कारखाना आहे. आण्णांनी मूठभर काळी वाळू माझ्या हातात दिली आणि म्हणाले, हा तुझा पांढरा. त्याआधीचा सफेदा शिशाचा नाहीतर जस्ताचा. टायटॅनियमच्या पांढऱ्याएवढं झाकायची ताकद त्यांच्यात नव्हती. उलट पिवळ्या-नारिंगीची गोष्ट. शिशाच्या क्रोमचा जुना पिवळा दोन हातांत खालचं सगळं गडप करायचा. तो विषारी म्हणून मागे पडला, आणि त्याच्या जागी आलेले पिवळे-लाल महाग, शिवाय जरा पारदर्शक. एक हात जास्त मारावा लागतो. आज पांढऱ्याचा लिटर आणि लालचा लिटर यांच्या भावात केवढी तफावत आहे, ते गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर पहिल्यांदा ऐकतं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

अर्थात पांढरा म्हणजे एकच पांढरा, असं समजून कुणी आलं तर त्याला बसवून ठेवावं लागतं. कंपनीचा कोड मशीनमध्ये टाकला की सूत्र येतं. पांढऱ्यात इतके ग्रॅम पिवळा ऑक्साइड, इतका काळा, निळ्याचा थेंब. वजनकाट्यावर ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजून घालायचं. एवढं करूनही तो नव्या गाडीचा पांढरा असतो, समोरच्या झाकणाचा नव्हे. सहा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी पिवळटते. मग मी पत्र्याच्या तुकड्यावर हात मारून सुकवते आणि झाकणाशेजारी धरून फुटपाथवर येते. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो. एकदा उन्हात बघायचं, एकदा समोरच्या इमारतीच्या सावलीत. पिवळ्याचा अर्धा थेंब. पुन्हा हात. पेंटर घड्याळ बघतो, मी झाकण बघते.

2000 नंतर काही वर्षं चंदेरीची लाट आली. धूळ दिसत नाही, पांढऱ्यासारखी टुरिस्ट टॅक्सी वाटत नाही, भारी दिसते. 2009 साली नॅनो आली ती जाहिरातीत पिवळीधम्मक. पेपरात, टीव्हीवर, सगळीकडे तो हळदीचा रंग. जुलैत पहिल्या नॅनोची किल्ली रतन टाटांनी मुंबईतल्या कस्टम खात्यातल्या एका गृहस्थांच्या हातात ठेवली. त्यांची गाडी चंदेरी होती. पिवळी बघायला आवडते, घ्यायला चंदेरी बरी.

यामागचा हिशेब लोक माझ्यासमोर उघड बोलतात. गाडी घेतानाच ती विकायची तारीख डोक्यात असते, आणि पुढचं गिऱ्हाईक कोण असेल ते माहीत नसतं. म्हणजे माणूस रंग निवडतो तो एका अनोळखी माणसासाठी. दुसरं, गाडी एकटा कुणी घेतच नाही. बाबांना काळी नको, शनिवारचं काहीतरी असतं. आईला लाल नको, पोरगा सुसाट मारेल. पोराला मरून नको, म्हातारी दिसते. सुनेला निळी हवी, पण ती नवीन आहे, बोलत नाही. घरातल्या पाच जणांपैकी कुणालाच ज्याच्यावर बोट ठेवता येत नाही, असा रंग उरतो तो पांढरा. वर सांगायला कारण तयार असतं, ऊन कमी लागतं. ते खरंही आहे. ज्यांचं पोट गाडीवर आहे ते मात्र रंगाला घाबरत नाहीत. ट्रकवाला येतो तेव्हा केशरी, पोपटी, गुलाबी असे छोटे डबे नेतो आणि मागच्या फळीवर मोर काढून घेतो. त्याला गाडी विकायची नसते, वापरून संपवायची असते.

काळ्या-पिवळ्याची गिऱ्हाइकी मात्र आटत गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदवलेली, म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर नाही. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी मृत्युलेखांइतक्या गहिवराने लिहिलं. आमच्याकडे पिवळ्याचे तीन डबे फळीवर राहिले होते, त्यातले दोन एका शाळेच्या बसवाल्याने नेले.

आता राहिलं माझं स्वतःचं. मी 2010 साली जुनी गाडी घेतली, आणि एवढे रंग हाताखालून गेलेल्या बाईने काय घेतलं, तर चंदेरी. नवऱ्याने विकण्याचा भाव सांगितला, मी मान डोलावली. दोन वर्षांनी कल्याणच्या वळणावर एका टेम्पोने डावा दरवाजा चेपला. चंदेरीइतका चेंगट रंग दुसरा नाही. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते ओल्या रंगात कसे निजतात यावर शेड ठरते. गनचा दाब वाढला, थिनर जास्त झालं, हवेत पावसाळा असला, की समोरून जुळलेला रंग बाजूने काळवंडतो. मी स्वतः मिसळला, आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या पेंटरने मारला. जमलं नाही. घासून पुन्हा. तिसऱ्यांदा बरा वाटला म्हणून वर लॅकर मारून गाडी घरी नेली.

आण्णा तेव्हा ऐंशीचे होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. संध्याकाळी काठी टेकत खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या दरवाज्यापाशी थांबले आणि वाकून रबर नखाने उचललं.

"टॅक्सीचा बसवलास होय?"