वजन भरलं, पण बाळ बसतं का?

"आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात." "पोरं आळशीच असतात बोलायला." "याचा बाप तर तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता." नागपुरात कोणत्याही मोहल्ल्यात जा, हे ऐकायला मिळतंच. म्हणून आज थोडा इतिहास.

मान धरली, पालथं पडलं, रांगलं, मग पांगुळगाडा, अन् तान्ह्या पोळ्याला दोरीनं लाकडी नंदी ओढणं. हा सगळा तक्ता आजीच्या डोक्यात असायचा. घरात आठ-दहा लेकरं, त्यामुळे कोण मागे राहिलं ते आपोआप दिसायचं. आता एकच लेकरू, आणि शेजारचं दार बंद.

कागदावरचा तक्ता बाहेरून आला. अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नॉल्ड गेसेल यांनी १९११ मध्ये या कामासाठी केंद्र काढलं. पुढे नॅन्सी बेली यांच्या चाचण्या आल्या. पण ती सगळी मोजमापं तिकडच्या बाळांची. आपल्या बाळांचं काय?

हे काम झालं बडोद्यात, महाराजा सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात. प्रमिला फाटक यांनी बेलींच्या चाचण्यांच्या आधारे अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय बाळांचे निकष बसवले, १९७० साली. हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ बाबी. सुधारित आवृत्ती १९९७ ची, पुण्याहून निघालेली. आजही आपल्याकडे बाळाच्या सविस्तर तपासणीत हीच 'डासी' चाचणी वापरतात, पण फाटकांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

बडोद्याच्याच निकषांतून १७ बाबी निवडून तिरुअनंतपुरमच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये छोटा तक्ता केला. सामान काय, तर एक पेन आणि किल्ल्यांचा जुडगा! बाळाच्या वयाच्या रेषेवर पेन उभा धरायचा. पेनाच्या डावीकडची एखादी गोष्ट बाळ करत नसेल, तर पुढची तपासणी. पाच-सात मिनिटांचं काम.

म्हणजे साधन हाताशी होतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाडी आली. नावात 'विकास', पण रोजच्या कामात पुढे राहिला तो वजनकाटा. कुपोषण होतंच, त्यामुळे ते चूक म्हणता येत नाही. पण वजन बरोबर भरलेलं लेकरू हाकेला वळतं का, हे विचारणं मागे पडलं. विकासातल्या विलंबाची तपासणी देशभराच्या कार्यक्रमात आली ती थेट २०१३ मध्ये. ६ फेब्रुवारीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा.

मग किती उशीर म्हणजे उशीर? जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधाराशिवाय बसणं साधारण ४ ते ९ महिने, एकट्यानं चालणं ८ ते साडेसतरा महिने. शेजारचं अकराव्यात चाललं अन् आपलं चौदाव्यात, तर घाबरू नका बाप्पा. पण दीड वर्ष झालं तरी पाऊल नाही, आवाजाकडे वळत नाही, किंवा येत असलेले शब्द बंद झाले, तर 'बोलेल हळूहळू' म्हणत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा. माता-बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे छापलेले असतात. आपण फक्त लसीचं पान उघडतो.

तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं. खेड्यातल्या, वस्तीतल्या लेकरापर्यंत ते पोचतं तरी. फ्लॅटमध्ये वाढणारं, अंगणवाडीत कधीच न गेलेलं लेकरू मात्र त्या पथकाच्या यादीतच नसतं.