मीठ, गलगंड आणि निसर्गोपचार : कुरखेड्याच्या जंगलातून थायरॉइडचा इतिहास

कुरखेड्याच्या जंगलाने माणसाला जवळजवळ सगळे दिले. मोह, चारोळी, तेंदू, बांबू, मध. एक वस्तू मात्र दिली नाही : मीठ. जुन्या चांदा जिल्ह्याच्या आणि शेजारच्या बस्तरच्या अरण्यात ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येत असे. बस्तरच्या बाजारांत मिठाच्या बदल्यात चारोळीसारखा मोलाचा माल हातचा जाई. त्यात इंग्रजी अमलात मिठावर कर होता. तो वसूल व्हावा म्हणून पंजाबपासून महानदीपर्यंत नाक्यांची आणि काटेरी कुंपणाची जी रांग उभारली होती, ती १८७९ मध्ये बंद झाली. कर मात्र राहिला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मीठ दुर्मीळ होते म्हणून रानातल्या माणसांना गलगंड होत असे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. साध्या समुद्री मिठात आयोडीन नगण्य असते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन मिळते ते जमिनीतून, पाण्यातून आणि त्यांवर पोसलेल्या अन्नातून. जमीनच धुपलेली असेल, तर मीठ भरपूर खाऊनही गळा सुजतो. मीठ हे आयोडीनचे वाहन बनले ते विसाव्या शतकात, आणि तेही माणसाने ठरवून बनवले म्हणून.

सूज मात्र फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गळ्याशी लोंबणाऱ्या गलगंडाचे वर्णन आहे. कांचनाराच्या सालीपासून होणारा कांचनार गुग्गुळ आज थायरॉइडचे औषध म्हणून सर्रास विकला जातो. जुन्या ग्रंथांत तो मुख्यतः गंडमाळेसाठी, म्हणजे गळ्यातल्या गाठींच्या माळेसाठी येतो. हा भेद किरकोळ नाही. प्राचीन वैद्याला सूज दिसत होती. ग्रंथीतून रक्तात काय उतरते आणि ते उतरेनासे झाले तर काय होते, हे कळण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. आणि आजच्या बहुतेक थायरॉइड रुग्णांच्या गळ्यावर बाहेरून काहीच दिसत नाही.

१८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० मध्ये जिनीव्हाच्या कोइंदे यांनी ते गलगंडावर दिले. गुण आला, पण बेसुमार मात्रांमुळे काहींना अपायही झाला आणि औषध बदनाम झाले. भारतात रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिट भागात दूषित पाण्यातला गाळ स्वतः पिऊन गलगंडाचा शोध घेतला. निर्णायक प्रयोग झाला तो १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे विभाग पाडून कुठे आयोडीनयुक्त तर कुठे साधे मीठ पुरवले. जिथे आयोडीन पोहोचले तिथे गलगंड ओसरला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

याच मिठाकडे निसर्गोपचार अगदी उलट्या नजरेने पाहत होता.

जर्मनीच्या लुई कुन्हे यांचे मत असे, की सगळे रोग मुळात एकच आहेत. शरीरात साचलेला विजातीय मळ हे त्यांचे कारण, आणि कटिस्नान, घर्षणस्नान व साधा आहार हा उपाय. गांधीजींवर कुन्हे आणि अडॉल्फ जुस्ट यांचा खोल प्रभाव पडला. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी असताना मीठ आणि डाळ सोडण्याचा आग्रह त्यांनी धरला, आणि त्या तयार होईनात तेव्हा स्वतःच दोन्ही सोडले. पुढे १९३० मध्ये याच माणसाने मिठासाठी दांडीपर्यंत पायपीट केली. मध्य प्रांताला समुद्र नव्हता, म्हणून इकडे त्या वर्षी जंगल सत्याग्रह पेटला.

१९३६ पासून गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहू लागले, आणि मातीच्या पट्ट्या, पाण्याचे उपचार, उपवास हा तिथला नित्यक्रम झाला. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचनला आश्रम सुरू झाला, आणि मणिभाई देसाई यांनी तो पुढे वाढवला. गरिबाला परवडेल असा, डॉक्टरावर न विसंबणारा उपचार ही त्यामागची कळकळ खरी होती. वृत्तीही सर्वस्वी हटवादी नव्हती : जानेवारी १९२४ मध्ये ससून रुग्णालयात गांधीजींनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतलीच होती.

अडचण तत्त्वात होती. सर्व रोग एकच असतील, तर एका ग्रंथीचा एक स्राव कमी पडणे या आजाराला त्या विचारात जागाच उरत नाही. आणि थायरॉइडचा मंदपणा नेमका तसाच आजार आहे. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी थंडीने गारठणाऱ्या, सुजलेल्या, मंदावलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. काही महिन्यांत ती माणसात आली. पुढे ती २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. तिच्या शरीरातला मळ कुणी काढला नव्हता. जे कमी होते ते घातले होते.

ते कमी का होते, याचे उत्तर सापडायला बराच काळ गेला. १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी चार स्त्रियांच्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींची दाटी झाल्याचे नोंदवले. शरीराचे संरक्षक सैन्यच स्वतःच्या ग्रंथीवर चालून जाते, हे १९५६ मध्ये लंडनच्या रॉइट, डोनियॅक आणि सहकाऱ्यांनी दाखवले. म्हणजे उरुळीचा आश्रम सुरू झाला तेव्हा स्वप्रतिकार रोग ही कल्पना थायरॉइडला लावलीच गेली नव्हती. आज निसर्गोपचारात थायरॉइडसाठी गळ्याच्या ओल्या लपेटी, पोटावरची माती, सर्वांगासन, उपवास, गहू वर्ज्य असे उपचार दिसतात. ही सारी जुन्या चौकटीत नंतर पडलेली भर आहे. त्यांनी झोप, पोट, वजन, मन यांना आराम पडू शकतो, आणि तो आराम खोटा नसतो. परंतु नष्ट झालेली ग्रंथी त्यांनी पुन्हा स्रवू लागत नाही.

तरीही ‘लपेटीने थायरॉइड गेला’ असे सांगणारी माणसे भेटतात, आणि ती लबाड नसतात. बाळंतपणानंतर येणारा थायरॉइडचा दाह पुष्कळ स्त्रियांत वर्षभरात आपोआप निवळतो. तपासणीत किंचित वाढलेला टीएसएचही काहींत पुढच्या वेळी पूर्ववत येतो. त्या काळात जो उपचार चालू असेल, श्रेय त्याला मिळते.

अन्नाचा संबंध नाही असेही म्हणता येत नाही. १९२८ मध्ये अमेरिकेत कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाला, तिथून गलगंडकारक अन्नाचा अभ्यास सुरू झाला. गडचिरोलीत पावसाळ्यात खाल्ल्या जाणाऱ्या वास्त्यांत, म्हणजे बांबूच्या कोंबांत, असे घटक असतात. आयोडीन अपुरे असेल तिथे ते अधिक बाधतात. कोंब उकळून पाणी फेकण्याने त्यांतले बरेचसे निघून जाते. उलट टोकाला, नैसर्गिक म्हणून घेतलेल्या समुद्रशेवाळाच्या गोळ्यांतले अति आयोडीन हाशिमोटोच्या रुग्णाला अपायच करू शकते. एका रोगाचे औषध ते दुसऱ्याचे खतपाणी.

कुरखेड्यातच डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी १९८०च्या दशकात ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था उभी केली आणि वैदूंच्या वनौषधीज्ञानाला आरोग्याच्या कामात स्थान दिले. ८७० मेंढ्यांचे काम आता रोजच्या काही मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनच्या गोळीवर आले आहे. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते. काढा, चहा किंवा न्याहारी त्यानंतर निदान अर्ध्या तासाने. गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून मात्र तिला चार तास दूर ठेवावे लागते. नाहीतर ती पोटात जाऊनही रक्तात पुरती उतरत नाही.