रुपिया, हॉप्स आणि एक पदव्युत्तर पदवी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमधले योल्ङू आदिवासी पैशाला 'रुपिया' म्हणतात. भाषा शिकवणाऱ्या माणसाचे कान टवकारावेत असा हा शब्द. आणि तो तिथं इंग्रजांनी नेलेला नाही. आजच्या इंडोनेशियातल्या मकासरचे मुसलमान खलाशी डिसेंबरच्या सुमारास मोसमी वाऱ्याबरोबर त्या किनाऱ्यावर उतरत, समुद्रकाकडी गोळा करून उकळत, वाळवत आणि वारा फिरला की परतत. माल पुढे चीनला जाई. योल्ङूंना कापड, तंबाखू, लोखंडी कुऱ्हाडी मिळत. किमान अठराव्या शतकापासूनची ही तिजारत १९०६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकारने परवाने नाकारून संपवली.

हे आठवायचं कारण असं की मेलबर्नचं मोनॅश विद्यापीठ आता आदिवासी उद्योग-नेतृत्व या विषयात पदव्युत्तर पदवी देतं. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठाने २०१२ मध्येच असा अभ्यासक्रम सुरू केला. उपक्रम चांगलाच आहे. पण ऐकणाऱ्याचा समज होतो की या लोकांना धंदा आता कुठे शिकवला जातोय. बी.एड.ला पाठ-टाचणात पहिली पायरी असते पूर्वज्ञान: विद्यार्थ्याला आधीपासून काय येतं? इथलं पूर्वज्ञान मेलबर्नजवळच आहे.

शहराच्या पूर्वेला, हील्सव्हिलपाशी, १८६३ मध्ये कुलिन लोकांनी कोरांडर्क ही वस्ती वसवली. जमिनी गमावलेल्या या लोकांना सायमन वोंगा आणि विल्यम बराक यांनी डोंगर ओलांडून तिथं आणलं होतं. जॉन ग्रीन हा व्यवस्थापक त्यांना आपला कारभार आपणच करू देई; वस्तीचं न्यायमंडळसुद्धा त्यांचंच. त्यांनी गहू पिकवला, हस्तकलेच्या वस्तू विकल्या आणि हॉप्सची लागवड केली. हॉप्स म्हणजे बियरला कडूपणा देणारी फुलं. आपल्याला बियरशी कर्तव्य नाही, पण पीक नाजूक आणि पैसा चोख. १८८१ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात कोरांडर्कच्या मालाला पहिलं बक्षीस मिळालं.

इथेच घात झाला. जमीन किफायतशीर दिसताच शेजाऱ्यांची नजर तिच्यावर गेली. ग्रीनला १८७४ मध्येच हटवलं होतं. संरक्षण मंडळ (नाव पाहा!) वस्ती मोडून लोकांना दूर हलवायला निघालं. लोकांनी अर्ज लिहिले, शिष्टमंडळं नेली. बराक साथीदारांसह चालत मेलबर्नला मंत्र्यांकडे गेला. १८८१ मध्ये सरकारी चौकशी बसली आणि त्यांनी तिच्यासमोर स्वतः साक्षी दिल्या. नेतृत्व म्हणतात ते आणखी काय असतं?

चौकशीनंतर वस्ती तेवढी वाचली. मग १८८६ चा कायदा आला. मिश्र वंशाच्या, पस्तिशीच्या आतल्या लोकांनी वस्ती सोडायची. म्हणजे नेमके राबणारे हात गेले, म्हातारे आणि लेकरं उरली. कोरांडर्क नफ्यात नव्हतं म्हणून बुडालं असं कुणी सांगितलं, तर या कायद्याची तारीख विचारावी.

१९२४ मध्ये वस्ती अधिकृतपणे बंद झाली. १९९८ मध्ये सुमारे २०० एकर जमीन विकत घेऊन आदिवासींना परत देण्यात आली. १८६६ मध्ये ती ४,८५० एकर होती.