गाडीतल्या सोड्याची कुळकथा

परभणीहून रेल्वेनं पूर्णेकडे निघालं की मधे पिंगळी लागतं. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, आणि दुपारी बारानंतर माणूस सावली आणि पाणी यांपलीकडे फारसं काही मागत नाही. तरी एक चैन इथल्या माणसानं कधी सोडली नाही, ती म्हणजे सोडा. परभणीत तुराबुल हक शाहांचा उरूस असो, औंढ्याची महाशिवरात्र असो की माळेगावची खंडोबाची यात्रा, गोटी सोड्याची हातगाडी तिथं हजर असायचीच. दुकान, कारखाना आणि गोदाम, सगळं त्या एका गाडीवर. यात्रा उठली की गाडी पुढच्या गावाला.

आता काही मराठी कुटुंबं झोपायची सोय, शेगडी आणि छोटा फ्रीज असलेली गाडी घेऊन फिरायला निघतात. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून या गाड्यांबद्दल बोललंही जास्त जातं. त्यांच्या ओट्यावर कधीकधी घरगुती सोडा मशीनही दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, हे परदेशी खूळ. मला तसं वाटत नाही. सोडा करायचं यंत्र मुळात घरासाठी किंवा हॉटेलासाठी सुचवलं गेलंच नव्हतं. ते प्रवासासाठी सुचवलं गेलं. घरात ते नंतर आलं. म्हणून गाडीच्या ओट्यावरचं यंत्र मला त्याच्या मूळ जागी परतलेलं दिसतं, आणि त्याच्या पूर्वजांमध्ये यात्रेतल्या त्या हातगाडीचाही मान मोठा आहे.

सुरुवात इंग्लंडमधल्या लीड्स गावची. जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक १७६७ मध्ये तिथं बिअरच्या भट्टीशेजारी राहायला आला. बिअर आंबताना पिंपांवर एक जड वायू साचून राहतो, त्यात जळती काडी धरली तर विझते, हे त्यानं पाहिलं. मग त्या वायूच्या थरात त्यानं दोन भांडी धरली आणि एकातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात असं ओतत राहिला. थोड्या वेळानं पाण्याला झऱ्याच्या खनिज पाण्यासारखी झणझणीत चव आली. हाच आपला कार्बन डायऑक्साइड.

१७७२ मध्ये प्रीस्टलीनं हे पाणी कसं करायचं याची पुस्तिका छापली आणि ती ब्रिटिश नौदलाच्या प्रमुखाला अर्पण केली, कारण त्याच्या डोळ्यांसमोर लांबच्या सफरीवरचे खलाशी होते. महिनोन्‌महिने समुद्रावर राहून त्यांच्या हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, माणसं मरायची. या स्कर्व्हीवर वायूभरलं पाणी उतारा ठरेल असा त्याचा कयास होता. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅप्टन कुक दुसऱ्या सफरीवर निघाला, आणि प्रीस्टलीची कृती त्या सफरीच्या सामानात गेली. यंत्र साधं होतं: एका बाटलीत खडूची भुकटी आणि गंधकाम्ल, तिला जोडलेली जनावराच्या मूत्राशयाची पिशवी, तिथून एक नळी, आणि नळीचं टोक पाण्यानं भरून पालथ्या घातलेल्या भांड्यात. पिशवी दाबायची आणि भांडं हलवायचं, एवढंच काम. स्कर्व्हीवर त्याचा उपयोग शून्य, कारण तो रोग क जीवनसत्त्वाच्या अभावाचा. पण हललं तरी चालेल, जागा कमी लागेल आणि वाटेत मिळेल त्या पाण्यावर चालेल असं सोड्याचं यंत्र त्यातून जगाला मिळालं. कॅराव्हॅनमध्ये यंत्र घेणारा माणूस दुकानदाराकडे आजही याच तीन गोष्टी मागतो.

या तीन गोष्टींमागे एकच हिशेब आहे. तयार सोडा वाहून नेणं तोट्याचं, कारण त्यात वजन जवळजवळ सगळं पाण्याचं असतं आणि पाणी तर गावोगावी मिळतं. न्यायचा तो फक्त वायू. पुढच्या अडीचशे वर्षांत या यंत्राचं रूप जे बदलत गेलं, ते वायू कशात भरून न्यायचा या एकाच प्रश्नापायी.

पहिलं उत्तर होतं भुकटी. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांत दोन काचगोलांचं यंत्र आलं: एका गोलात पाणी, दुसऱ्यात खाण्याचा सोडा आणि टार्टारिक आम्ल. दोन्हींची पूड ओली झाली की वायू सुटायचा आणि पाण्यात शिरायचा. काच फुटून अंगावर उडू नये म्हणून गोलांना तारेची किंवा वेताची जाळी घातलेली असायची. शेरलॉक होम्सच्या खोलीत हेच गॅसोजीन होतं. भुकटी हलकी, टिकाऊ, कुठंही न्यावी अशी. पण पाण्याला तिची चव लागायची. आपल्याकडे पोट जड झालं की लिंबू पिळलेल्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून फसफसत असतानाच ते पितात, त्याचं रसायनही हेच. प्रवासात पिशवीतून न्यावा असा याहून स्वस्त सोडा अजून निघालेला नाही.

वायू पाण्यात किती मुरेल याचा नियम १८०३ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीनं मांडला: दाब दुप्पट केला तर मुरणारा वायूही दुप्पट. त्याचे वडील टॉमस हेन्री औषधविक्रेते होते आणि कृत्रिम खनिज पाणी करून विकायचे. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या हेन्रीच्या नियमाच्या घरी सोड्याचाच धंदा होता. शाळेत हा नियम शिकवताना ही गोष्ट सांगायला हवी. मुलं तो जन्मात विसरणार नाहीत.

दाब वाढवला की पुढचा प्रश्न बुचाचा. दाबामुळे बूच उडतं, आणि सुकलं तर वायू झिरपून जातो. लंडनच्या हायरम कॉडनं १८७२ मध्ये यावर जी बाटली पक्की केली ती इतकी अक्कलहुशारीची होती, की इंग्लंड तिला विसरलं तरी आपण विसरलो नाही. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी, तोंडाशी आतून रबराची कडी. आतला वायूच गोटी वर ढकलून कडीवर दाबून धरतो. म्हणजे दाब जितका जास्त, तितकं बूच घट्ट. गोटी आत ढकलली की फट्ट आवाज येतो आणि बाटली मोकळी होते. गळ्याला दोन खळगे असतात. ते खालच्या बाजूला येतील अशी बाटली तिरपी केली की गोटी त्यांत अडकते आणि धार अडत नाही.

मुंबई-पुण्यात हा धंदा पारशी आणि इराणी मंडळींनी उभा केला. मुंबईत पालनजी १८६५ पासून आणि दिनशॉजी पांडोलेंचं ड्यूक्स १८८९ पासून, तर पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर १८८४ पासून. ही सगळी शहरातली, एका जागी बसलेली घराणी. जिल्ह्याच्या गावांत आणि यात्रांत सोडा पोचवला तो हाताच्या यंत्रानं, आणि त्या यंत्राकडे जरा जवळून बघायला हवं.

लोखंडी चौकट, तिच्यात दोन-तीन बाटल्या आडव्या बसतील अशा खाचा, बाजूला हँडल. सोडेवाला बाटलीत गळ्यापर्यंत पाणी भरतो, बाटली खाचेत बसवतो आणि वरून जाळीचा पिंजरा आवळतो, कारण एखादी बाटली फुटली तर काच उडते. मग सिलिंडरची चावी सोडतो. वायूच्या जोरानं गोटी आत सरकते. तो हँडल फिरवायला लागतो, बाटल्या चाकासारख्या फिरतात आणि आतलं पाणी वायूत घुसळलं जातं. नुसता वायू सोडून ठेवला तर तो पाण्याच्या वरच्या थरातच हळूहळू मुरत बसेल. घुसळलं की पाणी आणि वायू जागोजागी एकमेकांना भिडतात आणि अर्ध्या-एक मिनिटात काम होतं. थांबताना बाटलीचं तोंड खाली येईल अशा बेतानं हँडल थांबवायचं. गोटी आपल्या वजनानं गळ्यात येऊन कडीवर बसते, आणि वायूची वाट बंद केली की आतला दाब तिला तिथंच धरून ठेवतो. या सगळ्यात वीज लागत नाही. झाकणं लागत नाहीत, बाटल्या परत येतात. पाणी त्या गावच्या विहिरीचं नाहीतर नळाचं. कॅप्टन कुकच्या जहाजावर प्रीस्टलीला जे हवं होतं, ते मराठवाड्यातल्या हातगाडीवर इतकं नेटकं साधलं.

हातगाडीला सिलिंडर मिळाला कारण १८८० च्या दशकात द्रवरूप कार्बन डायऑक्साइड पोलादी नळकांड्यांत भरून विकायची सोय झाली आणि जर्मनीत त्याचा उद्योग उभा राहिला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या जिल्ह्यानं हा दुवा जरूर लक्षात ठेवावा. त्याच शतकाच्या अखेरीस स्पार्कलेट नावाच्या बोटभर कुप्या आल्या. सायफनच्या डोक्यात कुपी पिळून बसवली की ती फुटायची आणि भांडंभर सोडा तयार व्हायचा. वसाहतींत तंबू ठोकून फिरणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या सामानात त्या असायच्या. आजच्या अशा कुपीत आठ ग्रॅम वायू असतो, एक लिटर पाण्याला पुरेल इतका.

१९०३ मध्ये लंडनच्या गाय गिल्बे यानं पाण्यात वायू भरायचं यंत्र काढलं. तिथून पुढं सोडास्ट्रीमचं घराणं सुरू होतं, आणि घरगुती यंत्र म्हणून जगभर आज त्याचंच नाव घेतलं जातं. पेप्सीनं १९९४ मध्ये ड्यूक्स घेतलं होतं. २०१८ मध्ये तिनं सोडास्ट्रीमही घेतलं. मुंबईची बाटली आणि लंडनचं यंत्र अखेर एकाच मालकाच्या दारात गेलं, याची मला हळहळ वाटते.

आता हे यंत्र गाडीत घालून मराठवाड्यातून जायचं, तर थंड देशातल्या सल्ल्यांवर विसंबून चालणार नाही. घरगुती सिलिंडरमध्ये सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास वायू द्रवरूपात असतो. मोकळा सोडला तर तो सुमारे २३० लिटर जागा व्यापेल. हा वायू ३१ अंश सेल्सिअसपर्यंतच दाबाखाली द्रव राहू शकतो. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव उरत नाही. टॉमस अँड्र्यूजनं १८६९ मध्ये हे दाखवलं, तेही याच वायूवर. भरलेल्या नळकांड्यात ३१ अंशांनंतर दर अंशागणिक दाब भराभर चढतो. पिंगळीच्या उन्हाळ्यात हा आकडा सकाळीच मागं पडतो, आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. नळकांड्याच्या चावीत जादा दाबाला फुटणारी चकती असते, ती जीव वाचवते. पण तिच्यावर भरवसा ठेवून नळकांडं काचेखाली ठेवू नये. सावलीत, ओट्याच्या खालच्या कप्प्यात, पट्ट्यानं आवळून आणि उभं ठेवावं. आडवं केलं तर वायूऐवजी द्रवच यंत्रात घुसतो. चालत्या गाडीत ते यंत्राला जोडलेलं नसावं. जादाचं नळकांडं घेऊन रेल्वेनं किंवा विमानानं पुढं जायचा विचार करू नये, तिथं ते चालत नाही. अशा नळकांड्यांचे देशभराचे नियम राबवणारं स्फोटकं सुरक्षा खातं आपल्या नागपुरातच आहे.

उन्हाचा दुसरा फटका पाण्याला. शून्य अंशाला एक लिटर पाणी साध्या हवेच्या दाबाला सुमारे १.७ लिटर वायू पोटात घेतं; वीस अंशाला ०.९ लिटरच्या आत, आणि चाळीस अंशाला जेमतेम अर्धा. टाकीतलं तापलेलं पाणी यंत्राला लावून कितीही वेळा बटण दाबलं तरी सोडा मिळमिळीतच होणार आणि वायू वाया जाणार तो वेगळा. फ्रीज असेल तर बाटली रात्रीच आत ठेवावी. नसेल तर माठ. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठाचं पाणी बाहेरच्यापेक्षा खूप खाली उतरतं, कारण बाष्पीभवन इथं झपाट्यानं होतं. दमट कोकणात तोच माठ इतका गार करत नाही. वर बर्फाचे चार खडे टाकले की यंत्राजोगं पाणी तयार. बोअरचं पाणी जड असेल तर क्षारांची चव सोड्यात जास्त टोचते, म्हणून पिण्याचं गाळलेलं पाणीच वापरावं.

आणि यंत्रात फक्त पाणीच घालावं. सरबत, ताक, उसाचा रस असलं काही घालून वायू सोडला की फेस वर चढून झडपेत शिरतो आणि छतापर्यंत उडतो. लिंबू, जिऱ्याची पूड, पादेलोण हे सगळं नंतर, पेल्यात. पादेलोण तर अगदी शेवटी आणि चिमटीनंच: त्याच्या खरबरीत कणांवर वायूचे बुडबुडे एकदम धरतात आणि फेस कडेवरून उतू जातो. हातगाडीवरचा सोडेवाला म्हणूनच मसाला टाकताक्षणी पेला गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि लगेच प्या म्हणतो.